डर्बीशायरचे वाडे, त्यांची जमीन आणि आमचे नाना

रावेरची_लेक

नमस्कार मंडळी. नाना आणि आई मेच्या पहिल्या आठवड्यात आलेत, ऑगस्टअखेर परत जातील. आम्ही नॉटिंगहॅमला राहतो. मागच्या खेपेला त्यांना लंडन, बाथ, एडिंबरा असं दहा दिवसांत पळवलं. परत जाताना आई विमानतळावर म्हणाली, "बाई, मला नुसत्या पायऱ्या आठवतात." ते मनाला फार लागलं. म्हणून या वेळी लांब जायचंच नाही असं ठरवलंय. तास-सव्वा तासाच्या अंतरावर डर्बीशायर आहे, तिथले जुने वाडे आणि डोंगर सावकाश दाखवायचे.

पहिली फेरी चॅट्सवर्थची झाली. डेव्हनशायरच्या ड्यूकचं, म्हणजे कॅव्हेंडिश घराण्याचं हे घर. १६८७ ते १७०७ अशी वीस वर्षं पहिले ड्यूक जुनं घर एकेका बाजूने पाडून नवं बांधत होते. आत शिरल्या शिरल्या जो मोठा दिवाणखाना लागतो, त्याच्या भिंती आणि छत ज्यूलियस सीझरच्या चित्रांनी भरून गेलंय. वरच्या एका दालनात उघड्या दारातून पलीकडच्या दारावर टांगलेलं व्हायोलिन दिसतं. ते नुसतं रंगवलेलं आहे. खुंटीची सावलीसुद्धा रंगाची! आई तिथे पाच मिनिटं उभी होती.

नाना मात्र अर्ध्या तासात कंटाळले. आमचे नाना केळीवाले. त्यांना घर कळतं ते बाहेरून आत. "एवढ्या घराला पाणी कुठून येतं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. बागेत गेलो आणि उत्तर समोरच उडत होतं. १८४४ साली रशियाचा झार निकोलस येणार म्हणून सहाव्या ड्यूकनी हे कारंजं करवून घेतलं. त्यांचा मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन. त्याने घराच्या वरच्या माळावर आठ एकरांचं तळं खोदलं आणि नळाने पाणी खाली आणलं. इंजिन नाही, पंप नाही, नुसता उतार. ९० मीटरपर्यंत पाणी उडाल्याची नोंद आहे. झार आलाच नाही, कारंजं राहिलं. नाना त्या पाण्याकडे आणि वरच्या झाडीकडे आळीपाळीने बघत होते. तळं किती वर, नळ किती इंची, गाळ कोण काढतं, सगळं मला विचारायला लावलं. बागेतल्या बाईंनी जमेल तेवढं सांगितलं आणि न कंटाळता सांगितलं.

पुढे झाडांच्या कुंपणाची भूलभुलैया आहे. त्या जागी पॅक्स्टनचं मोठं काचघर होतं. १८३६ मध्ये काम सुरू झालं आणि एवढं मोठं झालं की आतून घोडागाडी जायची. ते ऊबदार ठेवायला जमिनीखाली भट्ट्या होत्या. धूर आणि कोळसा पाहुण्यांच्या नजरेला पडू नये म्हणून कोळसा भुयारातून रुळांवरून यायचा. ते भुयार अजून आहे, त्यातून चालत जाता येतं. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, आतली झाडं मेली आणि १९२० मध्ये काचघर सुरुंग लावून पाडलं. नाना भुयाराच्या भिंतीवर हात ठेवून म्हणाले, "इथे काम करणाऱ्याला वर काय फुललं ते दिसलंच नसेल."

आणि मग त्या बाईंनी सहज म्हणून सांगितलं की तुम्ही बाजारातून आणता ती केळी या घराच्या नावाची आहेत. १८३० च्या सुमारास पॅक्स्टनने मॉरिशसहून आलेलं एक केळीचं रोप मिळवलं, दुसऱ्या एका काचघरात वाढवलं आणि मालकाचं आडनाव त्याला मिळालं : कॅव्हेंडिश. मी नानांना सांगितलं. ते थांबले. "अठी आपली केयी?" (इथे आपली केळी?) एवढंच बोलले. आमच्याकडे आता ग्रँड नैन जातीची रोपं असतात, आजोबांच्या वेळी बसराई होती. दोन्ही कॅव्हेंडिशच. पन्नास वर्षं ज्या झाडाच्या मागे घालवली त्याचं आडनाव माणसाला इतक्या लांब, इतक्या थंडीत कळावं! पॅक्स्टनची केळ १८३५ मध्ये निसवली हे ऐकल्यावर नानांचा प्रश्न तयारच होता : "एका घडाला फण्या किती होत्या?"

आता मला विचारायचंय ते असं. आईचे गुडघे दुखतात, सपाटीवर तास-दीड तास चालते. नाना कितीही चालतात. पुढे कुठे नेऊ? घर आणि मोकळं रान दोन्ही एकाच दिवशी झेपेल का? सदस्यत्व घ्यावं का? गाडी दर वेळी मोकळी नसते, तेव्हा बसने जाता येईल अशाही जागा सांगा.


टेकडीवेडा

ताई, नानांचा प्रश्न वाचून अंगावर काटा आला. मी शेफील्डला अकरा वर्षं आहे, दर शनिवारी पीक डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे इथल्या डोंगराळ भागात असतो. बसचं आधी सांगतो. शेफील्डहून २१८ नंबरची बस चॅट्सवर्थवरून बेकवेलला जाते. डर्बीकडून ट्रान्सपीकची बस मॅटलॉक, बेकवेल करत बक्सटनला जाते. वेळापत्रक आदल्या रात्री बघाच, रविवारचं वेगळं असतं.

आईंसाठी मॉन्सल ट्रेल. जुन्या रेल्वेमार्गाचे रूळ काढून केलेली साडेआठ मैलांची वाट आहे. रेल्वेचा मार्ग, त्यामुळे चढ जवळजवळ नाहीच. २०११ मध्ये चार बोगदे उघडले, आत दिवे आहेत. हेडस्टोनच्या पुलावर उभं राहिलं की खाली वाय नदी वळसा घेताना दिसते. हॅसॉपच्या जुन्या स्टेशनात कॅफे आहे, तिथून निघायचं, दमलं की मागे फिरायचं. पूर्ण करायलाच हवी असं काही नाही.

नानांना मॅम टॉरवर न्या. ५१७ मीटर, वाहनतळापासून वरपर्यंत दगडी फरसबंद वाट आहे, अर्ध्या तासात माथा. माथ्यावर लोहयुगातल्या किल्ल्याचे चर दिसतात. आणि उतरल्यावर त्या डोंगराच्या पायथ्याचा मोडका रस्ता दाखवाच. डोंगर सतत सरकतो, म्हणून तो हमरस्ता वर्षानुवर्षं दुरुस्त करून शेवटी १९७९ मध्ये कायमचा सोडून दिला. डांबराचे थर केकसारखे उघडे पडलेत, एकावर एक किती वेळा डागडुजी झाली ते मोजता येतं. मधली पांढरी रेघ अचानक सहा फूट खाली जाते. शेतकऱ्याला जमीन सरकणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.

आणखी एक सांगायचंच आहे, कारण ते चॅट्सवर्थशी जोडलेलं आहे. किंडर स्काउटचं पठार हे या भागातलं सर्वांत उंच रान. शंभर वर्षांपूर्वी तिथे पाय ठेवायला बंदी होती, कारण ते ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेलं होतं. मँचेस्टर-शेफील्डच्या गिरण्यांत आठवडाभर राबणाऱ्या पोरांना रविवारी मोकळी हवासुद्धा कुंपणापलीकडची. २४ एप्रिल १९३२ रोजी हेफील्डहून शेकडो जण ठरवून आत घुसले. राखणदारांशी झटापट झाली, पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं आणि २००० च्या कायद्याने माळरानावर चालायचा हक्क मिळाला. ती जमीन कोणाची होती? डेव्हनशायरच्या ड्यूकची. २००२ मध्ये त्या घटनेला सत्तर वर्षं झाली तेव्हा अकराव्या ड्यूकनी तिथे जाऊन आपल्या आजोबांच्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली. मी किंडरवर जातो तेव्हा दर वेळी त्या पाच जणांची आठवण काढतो.


चिंचपेटी

रावेरची_लेक, मी सात वर्षं नॅशनल ट्रस्ट या जुनी घरं जपणाऱ्या संस्थेच्या एका घरात आठवड्यातून एक दिवस स्वयंसेवक म्हणून खोलीत उभी असते. त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे सदस्यत्व. ओकच्या पानांची खूण असलेला नॅशनल ट्रस्ट वेगळा, इंग्लिश हेरिटेज वेगळं आणि चॅट्सवर्थ, हॅडन ही खाजगी घरं आणखी वेगळी. ट्रस्टचं कार्ड घेऊन लोक चॅट्सवर्थच्या दारात येतात आणि हिरमुसतात. तुमच्या आसपास ट्रस्टची हार्डविक, केडलस्टन आणि कॉक अ‍ॅबी अशी तीन मोठी घरं आहेत. तीन महिन्यांत पाच-सहा वेळा जाणार असाल तर कार्ड वसूल होतं, वाहनतळाचे पैसेही वाचतात. नाहीतर सप्टेंबरात हेरिटेज ओपन डेज असतात, एरवी पैसे घेणारी किंवा बंद असलेली कितीतरी ठिकाणं तेव्हा फुकट बघता येतात. पण तोवर तुमची मंडळी परत गेलेली असतील.

एका दिवसात एकच घर. हे मी अगदी हात जोडून सांगते. दुपारी दुसऱ्या घरातून आलेले लोक मला लगेच ओळखू येतात. डोळे उघडे असतात, पण काही दिसत नसतं.

खोल्यांत अंधार का असतो हा सगळ्यांचा प्रश्न. चारशे वर्षांचं कापड उजेडाने विरतं, आणि गेलेला रंग परत येत नाही. म्हणून पडदे ओढलेले. आम्ही प्रत्येक खोलीत उजेड मोजतो आणि जास्त झाला की पडदा आणखी खाली. दोन मिनिटं नुसतं उभं राहायचं, डोळे सरावले की भिंतीवरच्या विणकामातले हिरवे-निळे धागे हळूहळू वर येतात. खुर्चीवर पाइनचं बोंड किंवा काटेरी सुकं फूल ठेवलेलं दिसलं तर ती शोभा नाही, "इथे बसू नका" असं न बोलता सांगणं आहे. ज्येष्ठांसाठी वेगळी खुर्ची असतेच, आईंना ती मागायला संकोच वाटू देऊ नका. आम्हाला आनंदच होतो.

आता हार्डविक. ही बेस ऑफ हार्डविकची गोष्ट. साध्या जमीनदाराची मुलगी, चार लग्नं झाली, प्रत्येक वेळी विधवा झाली आणि प्रत्येक वेळी अधिक श्रीमंत. चॅट्सवर्थची जमीनही तिने आणि तिच्या दुसऱ्या नवऱ्याने १५४९ मध्ये घेतलेली, म्हणजे तुम्ही पाहिलंत त्या घराण्याची ही मूळ आई. चौथा नवरा १५९० मध्ये गेला. त्याच वर्षी, साठी ओलांडलेली असताना, तिने हे घर बांधायला घेतलं आणि १५९७ मध्ये राहायला आली. काच तेव्हा अत्यंत महाग, आणि हिच्या घराला भिंतींपेक्षा काचा जास्त. वर वर जावं तसे मजले उंच होत जातात, खिडक्याही. सर्वांत मानाचं दालन सर्वांत वर. मनोऱ्यांच्या कठड्यावर आकाशाला भिडणारी तिची दगडी आद्याक्षरं आहेत, चारही दिशांनी दिसतील अशी. मी जेव्हा जेव्हा तिथे जाते, तेव्हा वाहनतळावरून ती अक्षरं बघताना मला भरून येतं. त्या काळी बाईचं नाव कुठे लिहिलं जात होतं?

१९५० मध्ये दहावे ड्यूक अचानक वारले आणि इस्टेटीवर ८० टक्के वारसा कर बसला. तो भरताना हार्डविक सरकारला द्यावं लागलं आणि १९५९ मध्ये ट्रस्टकडे आलं. नवव्या ड्यूकची विधवा तिथे शेवटपर्यंत राहिली, स्वतः सुई घेऊन ती जुनी भिंतवस्त्रं शिवत असे. दगडी जिने रुंद आहेत पण बरेच आहेत. आईंना विश्रांती घेत घेत न्या, नाहीतर तळमजला आणि बाग एवढंच करा.


खानदेशी_मळा

नानांना माझा रामराम सांगा. मी यावल तालुक्यातला, शेतीतच आहे. एक गोष्ट नीट व्हावी म्हणून लिहितो. नाव चॅट्सवर्थचं, झाड चॅट्सवर्थचं नाही. या गटातली केळी मूळची दक्षिण चीनच्या बाजूची. पॅक्स्टनच्या हाती आलं ते मॉरिशसचं रोप. तिथून पुढे मिशनऱ्यांनी पॅसिफिकच्या बेटांवर नेली हे खरं, पण आपली बसराई इंग्लंडच्या काचघरातून खानदेशात आली असं समजू नये. आशियात ही जात आधीपासून होतीच.

मोठी बाब पुढची आहे. जगाच्या बाजारात तेव्हा ग्रोस मिशेल नावाची जात होती, ती पनामा रोगाने, म्हणजे जमिनीतल्या बुरशीमुळे येणाऱ्या मर रोगाने, १९५० च्या दशकात बसली. कॅव्हेंडिश त्या मरीला टिकली म्हणून सगळीकडे पसरली. आता मरीचा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाच धरतो, बिहार आणि उत्तर प्रदेशात सापडलाय. केळीला बी नाही. कंद लावा की टिश्यूचं रोप लावा, सगळी एकाच झाडाची लेकरं. एक आजारी पडलं की सगळी पडायची. नाना हे जाणतातच, सीएमव्ही या विषाणू रोगामुळे उपटलेल्या बागा त्यांनी पाहिल्या असतील. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते मात्र शंभर टक्के आपलं.


रावेरची_लेक

दादा, नानांना वाचून दाखवलं. म्हणाले, "बरोबर लिहिलंय, नाव त्याचं, मेहनत आपली." त्यांनी तुमच्या गावाचं नाव विचारलंय. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

चिंचपेटीताई, कार्ड घेतलं आज. एकच घर, कबूल.


बखरवाचक

इतकं छान चाललंय म्हणून लिहू की नको असा विचार करत होतो. लिहितो. केडलस्टनला नक्की जा, पण काय बघतोय ते माहीत असू द्या.

डर्बीपासून अगदी जवळ. रॉबर्ट अ‍ॅडमने १७६० च्या दशकात कर्झन घराण्यासाठी घडवलेलं घर. आत शिरलं की अलाबास्टरचे २० खांब, गुलाबी-तपकिरी शिरांचे. आता गंमत बघा. लॉर्ड वेलस्लीने कलकत्त्यात गव्हर्नर जनरलसाठी प्रासाद बांधला तो याच घराच्या नमुन्यावर. तो पुरा झाला १८०३ मध्ये. १८०३ आपल्याला वेगळ्या कारणाने पाठ आहे. वसईचा तह १८०२ चा, आणि १८०३ च्या सप्टेंबरात असईची लढाई. म्हणजे ज्या वर्षी दौलतराव शिंद्यांच्या फौजा असईला तोफांसमोर उभ्या होत्या, त्याच वर्षी डर्बीशायरच्या या घराचं भावंड हुगळीच्या काठी उभं राहिलं. पुढे शंभर वर्षांनी याच घराचा मुलगा, जॉर्ज नॅथॅनिएल कर्झन, व्हाइसरॉय होऊन त्या कलकत्त्याच्या प्रासादात राहायला गेला. १८९९ ते १९०५. बंगालची फाळणी त्याची, आणि १९०४ चा प्राचीन स्मारकांच्या जतनाचा कायदाही त्याचाच. दोन्ही एकाच माणसाने केलं हे मला आजवर नीट पचलेलं नाही.

तळमजल्यावर त्याने पूर्वेकडून आणलेल्या वस्तूंचं संग्रहालय आहे. त्याच्या बायकोने १९०३ च्या दिल्ली दरबारात घातलेला मोरपिसांचा पोशाख या घरात आहे. लांबून खरी पिसं वाटतात. जवळ गेलात की कळतं, सोन्या-चांदीच्या तारेची जरदोजी आहे आणि प्रत्येक डोळ्याच्या मध्यभागी भुंग्याच्या पंखाचं हिरवं कवच टाचलेलं. कापडावर भरतकाम झालं ते हिंदुस्थानात, शिलाई पॅरिसला. ज्यांनी डोळे फोडून ते विणलं त्यांची नावं कुठेही नाहीत. मी तिथे उभा राहिलो तेव्हा मला ती बाई दिसली नाही, दिल्लीच्या कुठल्याशा गल्लीत चौकटीवर वाकलेले कारागीर दिसले.

आणि बाहेर पडलात की नजर टाका. समोर हिरवळ, तळं, पूल, दूरवर मेंढ्या, मध्ये कुठे कुंपण दिसत नाही. चालत गेलं की पायाशी अचानक खंदक येतो, घराच्या बाजूने भिंत आणि पलीकडून उतार. जनावर वर येत नाही आणि खिडकीतून बघणाऱ्याला काही अडत नाही. याला ते "हा-हा" म्हणतात. आणि ती मोकळी हिरवळ आधीपासून मोकळी नव्हती. तिथे गाव होतं, ते हलवलं. चर्च तेवढं घराला चिकटून उरलंय.


मधली_वाट

बखरवाचक, तुमचं सगळं खरं आहे, पण पहिल्यांदा आलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या सुट्टीवर हे ओझं कशाला? सुंदर ते सुंदर म्हणून बघू द्या की.


बखरवाचक

सुंदर आहेच, म्हणून तर तीनदा गेलो. पण आपल्या म्हाताऱ्या माणसांना कमी समजू नका. भुयारात उभं राहून नाना काय बोलले ते वर वाचा.


चिंचपेटी

दोघांनाही. माझ्या खोलीत भारतीय आजी-आजोबा येतात तेव्हा ते दोन्ही बघतात. आधी छताकडे, मग मला हळूच विचारतात, "याला पैसा कुठून आला?" पूर्वी आम्हाला उत्तर देता यायचं नाही. २०२० मध्ये ट्रस्टने आपल्या घरांचे वसाहतींशी आणि गुलामगिरीशी असलेले संबंध जाहीर केले, त्यावर इथे खूप गदारोळ झाला. मला मात्र बरं वाटलं. विचारणाऱ्याला आता खरं सांगता येतं.

गाव हलवण्याबद्दल : चॅट्सवर्थचं एडन्सरही तसंच. सहाव्या ड्यूकनी आणि पॅक्स्टनने १८३८ नंतर ते टेकडीआड नव्याने वसवलं, एकाही घराचा नमुना दुसऱ्यासारखा नाही. आपल्याकडे वाडा गावाच्या मध्यात असतो, दारासमोरून बैल जातात. इथे घरातून गाव दिसूच नये अशी तजवीज. नानांना एडन्सरला न्या. चर्चच्या आवारात पॅक्स्टनची समाधी आहे.


जिऱ्याचा_भात

खाण्याचं कोणीच लिहिलं नाही. घरच्या डब्यासारखं काही नाही. या घरांच्या मैदानांवर डबा उघडून बसायला कोणी ना म्हणत नाही, आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी, थर्मासमध्ये चहा नेतो. एका घराच्या कॅफेत (नाव नको) सासूबाईंना भाज्यांचं म्हणून सूप दिलं आणि निम्मं संपल्यावर कळलं की रस्सा कोंबडीचा आहे. त्या दिवसभर जेवल्या नाहीत. तेव्हापासून मी दोनदा विचारते. बेकवेलला गेलात तर पुडिंग घ्या, पण त्यात अंडं असतं, आई खात नसतील तर सांगून ठेवा. मोठ्या घरांत व्हीलचेअर मिळते, आदल्या दिवशी फोन करून ठेवलेला बरा. हॅडनला मात्र उंचसखल फरशा आणि पायऱ्या आहेत.


पावसाळी_वाट

हॅडन सोडू नका हो. चॅट्सवर्थपासून काही मैलांवर, आणि माझ्या मते दोघांत जास्त जिवंत. मालक दुसऱ्या मोठ्या किल्ल्यात राहायला गेले आणि सुमारे दोनशे वर्षं हे घर तसंच पडून राहिलं, म्हणून नंतरच्या कुठल्याच फॅशनचा हात त्याला लागला नाही. जुन्या स्वयंपाकघरात लाकडी फळ्यांना तासून तासून पडलेले खोलगे आहेत, आपल्या जात्याच्या पाळूसारखे. लांब दालनातल्या खिडक्यांची प्रत्येक काच थोडी वेगळ्या कोनात बसलीय, ऊन आलं की जमिनीवर पाण्यासारखं हलतं. नानांपेक्षा हे आईंना आवडेल असं वाटतं.

आणि ईम. इथे बघण्यासारखं मोठं घर आहे, पण मी त्यासाठी सांगत नाही. सप्टेंबर १६६५ मध्ये लंडनहून शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला, त्यात पिसवा होत्या. प्लेग गावात शिरला. पाद्री विल्यम मोम्पेसनच्या सांगण्यावरून गावाने स्वतःला कोंडून घेतलं, कोणी शिवेबाहेर जायचं नाही. शिवेवर एक दगड आहे, त्याला भोकं आहेत. गावकरी त्यात व्हिनेगर घालून नाणी ठेवत आणि बाहेरचे लोक धान्य ठेवून जात. प्लेग साधारण चौदा महिने राहिला. अडीचशेच्या वर माणसं गेली. एका बाईने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं पुरली, शेतात ती थडगी आहेत, भोवती गोल भिंत. माझ्या पणजोबांच्या घरचे १८९७ च्या प्लेगात पुण्याबाहेर झोपड्यांत राहिले होते. त्या दगडाच्या भोकात बोट घातलं तेव्हा कडा गुळगुळीत लागल्या, आणि मला बराच वेळ तिथून निघता आलं नाही.

जाता जाता, तुम्ही मेमध्ये आहात तर टिसिंग्टनचं विहिरी सजवणं बघा. असेन्शन डेला, म्हणजे ईस्टरपासून चाळिसाव्या दिवशी सुरू होतं आणि आठवडाभर राहतं. चुकवू नका.


रावेरची_लेक

पावसाळी_वाट, तुमचे उपकार कसे मानू! काल टिसिंग्टनला जाऊन आलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : डर्बीशायरच्या गावांत विहिरींवर आणि झऱ्यांवर फुलांची चित्रं उभी करतात. लाकडी पाट्या भिजवून त्यांवर ओली माती थापायची आणि त्या मातीत पाकळ्या, शेवाळ, बिया, सालं दाबून चित्र भरायचं. टिसिंग्टन एका घराण्याच्या वाड्याभोवतीचं छोटंसं गाव, रस्त्याकडेला दगडी घरं, मध्ये बदकांचं तळं. विहिरी चालत पाच-दहा मिनिटांच्या आत. आईला गुडघ्यांची आठवणही झाली नाही.

आई दर दिवाळीला अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढते आणि पाडव्याला फुलांची. पहिल्या विहिरीपाशी ती वाकून इतकी जवळ गेली की मला भीती वाटली, कोणी रागावेल. रागावलं नाहीच, उलट तिथल्या एक आजी येऊन शेजारी उभ्या राहिल्या. आईने मला विचारायला लावलं, "पाऊस आला तर?" आजींनी बोटाने दाखवलं. पाकळ्या खालून वर लावत जातात, वरची पाकळी खालचीवर थोडी चढलेली, घरावरच्या कौलांसारखी, म्हणजे पाणी ओघळून जातं. आईने मान डोलावली. मग तिने आपल्या मोबाइलमधले गेल्या दिवाळीच्या रांगोळीचे फोटो काढून आजींना दाखवले. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं. मी मध्ये बोलायला गेले तर आईने हातानेच गप्प केलं. कितीतरी वेळ त्या दोघी मातीकडे बोट दाखवत होत्या, ओल किती ठेवायची, चित्र किती दिवस टिकतं. आजींनी आईच्या हातात हायड्रेंजियाची एक सुकी निळी पाकळी ठेवली. ती आता तिच्या पोथीत आहे.

नाना तोवर तळ्यापाशी एका मेंढपाळाशी बोलत होते. कोणत्या भाषेत, ते मी पाहिलं नाही.

पुढचं असं ठरलंय : जूनमध्ये हार्डविक, एकटं हार्डविक. मग हॅडन, आईसाठी. केडलस्टनला नानांनी स्वतःहून जायचं म्हटलंय, बखरवाचक, तुमचा प्रतिसाद त्यांनी मला दोनदा वाचायला लावला. ईमला मी आधी एकटी जाऊन येईन. आणि टेकडीवेडा, नानांना तो मोडका रस्ता बघायचाय, पण त्याआधी त्यांना किंडरच्या त्या वाटेवर जायचंय, जिथून ती पोरं आत घुसली. हेफील्डहून किती चढ आहे? बाहत्तर वर्षांच्या माणसाला, रोज शेतात चालणाऱ्याला, जमेल का?


टेकडीवेडा

हेफील्डला बोडन ब्रिजची जुनी दगडखाण आहे, तिथूनच ते निघाले होते, भिंतीवर पाटी आहे. वाहनतळही तिथेच. माथ्यापर्यंत जायचं नसेल तर जलाशयाच्या कडेने विल्यम क्लफच्या घळीत शिरायचं, झटापट झाली ती बाजू तीच. ओढा सतत ओलांडावा लागतो, दगड निसरडे असतात, घोट्यावर येणारे बूट हवेत. नानांना जमेल. पंधरा जूनच्या आसपासचा शनिवार ठेवा, मी शेफील्डहून येतो. वरती काठी लागेल, माझ्याकडे दोन आहेत.